तळकरांची हग्गादा आणि आपला पास्का

कोकणातल्या माणसाचे आडनाव उलगडले की बहुधा एखादे गाव हाती लागते. पेणकर, रोहेकर, चौलकर, दिवेकर अशी नावे नुसती उच्चारली तरी रायगडचा अर्धा किनारा पायाखालून गेल्यासारखे वाटते. ‘तळकर’ हे त्यांतलेच एक. तळकर म्हणजे तळ्याचे. हे तळे पाण्याचे नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरपाशी पश्चिमेकडे वळले म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी जे गाव लागते, ते तळा. गावाच्या माथ्यावर तळगड उभा आहे. १६४८ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे बारा किल्ले त्यांच्याकडे राहिले त्यांत तो होता. आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला. जवळच कुडे येथे बौद्ध भिक्षूंची सव्वीस लेणी आहेत आणि पलीकडे राजपुरी खाडीच्या टोकाशी मांदाड आहे. ग्रीक नाविकांनी ‘मंदगोर’ म्हणून ज्या बंदराचा उल्लेख केला, ते हेच मांदाड असावे असे अनेक संशोधक मानतात. गड पाहायला येणारा प्रवासी एवढे ऐकून परततो. आम्हाला मात्र या गावाची ओढ लागली ती गडामुळे नव्हे, एका पुस्तकामुळे; आणि त्या पुस्तकाचे नाते आपल्या पुनरुत्थानाच्या सणाशी फार जवळचे आहे.

१८७४ साली पुण्यात एक हिब्रू-मराठी पुस्तक छापले गेले. यहुदी लोक वल्हांडणाच्या रात्री घरी जेवणाच्या मेजाभोवती बसून जी कथा वाचतात, तिला ‘हग्गादा’ म्हणतात. हे पुस्तक म्हणजे ती हग्गादा, मराठी भाषांतरासह. ते सिद्ध करणारे दोघे होते: मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर. छापणारे होते विठ्ठल सखाराम अग्निहोत्री. ज्यांचे नाव घराण्यातल्या अग्निहोत्राची साक्ष देते, त्यांच्या छापखान्यात तळकर आडनावाच्या यहुद्यांनी मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा मराठीत छापून घ्यावी, हे दृश्य डोळ्यांपुढे आणताना आम्हाला मोठी मौज वाटते. पुस्तकाच्या आरंभी चित्रे आहेत. त्यांत बेखमीर भाकर करण्याची लगबग दाखविली आहे आणि ती करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. आपल्या आज्या भाकरी थापायला ज्या बैठकीत बसत, तीच ही बैठक. यरुशलेमचा सण कोकण्यांच्या स्वयंपाकघरात उतरला होता.

हे तळकर कोण, हे आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्या धर्मग्रामांतल्या पुष्कळ कुटुंबांना शेजारी असूनही त्यांची ओळख नाही. ते बेने इस्राएल, म्हणजे ‘इस्राएलची लेकरे’. त्यांची परंपरा सांगते की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे त्यांची संतती किनाऱ्यावरच्या खेड्यापाड्यांत पसरली आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, वेश मराठी, आडनावे गावांवरून. धर्मग्रंथ हातचे गेलेले, हिब्रू विसरलेली. पण शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ प्रार्थनेचे शब्द त्यांनी सोडले नाहीत.

आणि सण सोडले नाहीत. यांतली गंमत हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांच्या इतिहासात टिपून ठेवली आहे. १८९७ साली लिहून झालेला हा ग्रंथ छापून निघायला १९३७ साल उजाडले, आणि तोही तेल अवीवमध्ये. केहिमकरांनी दिलेली सणांची जुनी नावे वाचावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण. मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण म्हणून जो उपवास, तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे. उपवासाच्या महिन्याला शेजारच्या मुसलमानांचा शब्द घेऊन ‘रमजान’ म्हणायचे. पुरीम हा सण फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा. पुस्तकी नावे विसरली गेली तेव्हा लोकांनी आजूबाजूच्या हिंदूंकडून आणि मुसलमानांकडून शब्द उसने घेतले. सण मात्र स्वतःचाच ठेवला.

वल्हांडणाला त्यांच्यात काय नाव होते? ‘अनशी ढाकायचा सण’. अनस म्हणजे आंबट रसाचे भांडे. कालवणात घालण्यासाठी घरोघर असा रस आंबवून ठेवीत. निसान महिन्यात सणाचे आठ दिवस आले की ते भांडे झाकून ठेवायचे आणि त्यातले काही वापरायचे नाही. का, ते कोणाला सांगता येत नसे. आपल्याला ते सांगता येते: त्या दिवसांत आंबलेले, खमीर धरलेले काही घरात चालत नाही, ही ‘निर्गम’ पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली आज्ञा आहे. आज्ञा विस्मरणात गेली, मिसर आणि फारो विस्मरणात गेले, मोशेची कथाही पुसट झाली. उरली ती रसाच्या भांड्यावर झाकण ठेवणारी गृहिणी. आमच्या मते कोकणच्या धार्मिक इतिहासात याहून हृद्य तपशील क्वचितच सापडेल. पंडितांवाचून, पुस्तकावाचून, कितीतरी शतके एक सण स्वयंपाकघरातल्या एका झाकणाने सांभाळला! दुसरीही एक चाल त्या घरांत होती. सणाच्या वेळी कापलेल्या जनावराच्या रक्तात हात बुडवून त्याचा ठसा कागदावर उमटवायचा आणि तो कागद दारावर लावायचा. कोकराच्या रक्ताने माखलेल्या दारचौकटी ज्यांनी पवित्र शास्त्रात वाचल्या आहेत, त्यांना त्या ठशाचा अर्थ सांगायला नको.

मग विसरलेली कथा परत कशी आली? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला थोडे संकोचात टाकणारे आहे. कोचीनच्या यहुद्यांनी येऊन शिकविले, हा एक भाग झाला. पण दुसरा भाग ख्रिस्ती मिशनऱ्यांचा, आणि तेही प्रॉटेस्टंट. अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. हेतू धर्मांतराचा होता, यात शंका नाही. बेने इस्राएलांनी शाळा घेतली, व्याकरण घेतले, जुना करार घेतला, आणि काही मोजकी माणसे सोडली तर ते यहुदीच राहिले. किंबहुना अधिक जाणते यहुदी झाले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह त्यांची पहिली हग्गादा निघाली. पुढे राजपुरी खाडीच्याच परिसराचे नाव लावणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यात आयुष्य घातले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांचे कीर्तनोत्तेजक मंडळ उभे राहिले आणि इब्राहीम, योसेफ, मोशे यांची आख्याने टाळ-पेटीच्या साथीने रंगू लागली.

येथे क्षणभर थांबून आपल्या घराकडे पाहू. तळकरांच्या मुलांनी १८७४ साली पास्काची कथा मराठीत ऐकली. त्या साली आपल्या देवळांत पास्काविधी लॅटिनमध्ये होत असे आणि तोही रात्री नव्हे, पवित्र शनिवारी सकाळी, मूठभर माणसांसमोर. तो रात्रीच्या वेळी परत नेला पोप बारावे पायस यांनी, १९५१ मध्ये प्रयोगादाखल आणि १९५६ पासून सर्वत्र. विधीत लोकभाषेचे दार उघडले ते १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशानंतर. म्हणजे ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ असे घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने विचारावे आणि वडिलांनी त्याच्या भाषेत उत्तर द्यावे, हे सुख या किनाऱ्यावर यहुदी मुलाला आपल्या मुलांपेक्षा जवळजवळ शंभर वर्षे आधी लाभले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले होते, त्यात प्रभूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान मराठी ओव्यांत आले होते, हे खरे. पण ते पुराण देवळात वाचले जाई, वेदीवर नाही.

आता हा त्यांचा सण आणि आपला सण यांचा संबंध नेमका कोणता? ‘ईस्टर’ या इंग्रजी शब्दाने आपली थोडी दिशाभूल केली आहे. आठव्या शतकातल्या संत बीड यांनी तो शब्द एका प्राचीन देवतेच्या नावावरून आला असे लिहिले, आणि इंग्रज-जर्मन सोडले तर बहुतेक ख्रिस्ती जगाला हा शब्दच परका आहे. ग्रीक आणि लॅटिनमध्ये ‘पास्का’, पोर्तुगीजमध्ये ‘पाश्कुआ’, गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’. हे सारे हिब्रू ‘पेसाह’ या एकाच शब्दाचे वंशज. पेसाह म्हणजे ओलांडून जाणे. मराठीत वलांडणे हे ओलांडण्याचेच रूप, त्यावरून आपल्या बायबलात ‘वल्हांडण’ आले. तळकरांचा पेसाह आणि गोव्याचा पास्क हे शब्द सख्खे भाऊ आहेत. ते एका गावात राहूनही एकमेकांना ओळखत नव्हते, इतकेच.

मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांनुसार प्रभूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या वृत्तांतात मात्र प्रभूला क्रूसावर खिळले ते वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जात असताना. दोन्ही वृत्तांत पाया एकच. आपण पवित्र मिस्साबलिदानात जी पातळ, पांढरी भाकर स्वीकारतो ती बेखमीर का असते, याचे उत्तर अनशीच्या झाकणाखालीच आहे. बेने इस्राएल घरांत त्या रात्री चार प्याले फिरतात. द्राक्षारस मिळेनासा झाला तेव्हा कोकणात मनुका भिजवून त्यांचे सरबत करीत. खजुराच्या गोड रसात कडू भाजी बुडवून खात. एक प्याला एलिया संदेष्ट्यासाठी ठेवलेला असतो. एलियावर बेने इस्राएलांची भक्ती फार. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावरच्या खुणा ते ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणून दाखवितात. क्रूसाखाली उभे असलेले लोक ‘हा एलियाला हाक मारतो आहे’ असे का म्हणाले, हे त्या रिकाम्या प्याल्याकडे पाहिल्यावर लवकर समजते.

सणाची तिथीही सामाईक. पहिल्या शतकांत आशिया मायनरमधल्या ख्रिस्तसभा यहुद्यांबरोबर निसानच्या चौदाव्या दिवशीच पास्का पाळीत; रोममध्ये तो रविवारी असे. सुमारे १५५ साली संत पॉलिकार्प वृद्धापकाळी रोमला जाऊन पोप अनिसेटस यांच्याशी याबद्दल बोलले. मत जुळले नाही, तरी दोघांनी एकत्र मिस्सा साजरी केली आणि प्रेमाने निरोप घेतला. नायसियाच्या परिषदेने ३२५ मध्ये सर्वांना एकच रविवार ठरवून दिला, आणि यहुदी पंचांगावर अवलंबून राहायचे नाही असेही ठरले. तेव्हापासून २१ मार्चच्या वेळची किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार हा आपला सण. पंचांग वेगळे केले तरी चंद्र वेगळा करता आला नाही. आपल्या शेजाऱ्यांची चैत्री पौर्णिमा बहुधा तीच असते. यहुदी पंचांगात एकोणीस वर्षांत सात महिने वाढवावे लागतात, हिंदू पंचांगातही अधिक मासाचा हिशेब जवळजवळ तोच. म्हणून दोघे फार दूर जात नाहीत. २०२४ साली असे झाले की आपला सण ३१ मार्चला म्हणजे होळीनंतरच्या रविवारी आला, आणि यहुद्यांचे वल्हांडण व हनुमान जयंती पुढच्या पौर्णिमेला. पण २०२२ मध्ये सारे एकत्र आले. १४ एप्रिलला पवित्र गुरुवार, त्याच दिवशी आंबेडकर जयंती आणि महावीर जयंती. १५ ला गुड फ्रायडे आणि त्याच संध्याकाळी वल्हांडणाची पहिली रात्र. १६ ला हनुमान जयंती. १७ ला पुनरुत्थान. आणि हे सर्व रमजानच्या महिन्यात. त्या आठवड्यात रायगडच्या कोणत्याही बाजारपेठेत खजूर विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा धर्म ओळखणे कठीण गेले असेल!

हनुमान जयंतीचा एक विशेष आम्हाला नेहमी जाणवतो. गावोगावच्या मारुती मंदिरांत पहाट व्हायच्या आधीच कीर्तन उभे राहते, कारण जन्म सूर्योदयाचा. काळोखात उठून लोक उजाडण्याची वाट पाहत बसतात. अर्थ निराळा, श्रद्धा निराळी. पण अंधार असतानाच कबरेकडे निघालेल्या मग्दालियाची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला त्या पहाटेच्या घंटा परक्या वाटत नाहीत.

मुसलमान शेजाऱ्यांचा पास्काशी संबंध अधिक नाजूक आहे आणि तो गोडगोड शब्दांनी झाकू नये. तळ्याच्या पश्चिमेला राजपुरी खाडीच्या मुखाशी जंजिरा आहे. तिथल्या सिद्दींच्या अमलाखाली या भागाने पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, आणि कोकणी मुसलमानांची गावे खाडीच्या काठाने पसरलेली आहेत. कुराणात येशूला मोठा मान आहे. मरियेच्या नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे. पण येशूला क्रूसावर मारले गेले, हे कुराण मानत नाही. देवाने त्याला आपल्याकडे उचलून घेतले असे सांगते. ज्या दिवशी आपण क्रूसाचे चुंबन घेतो, त्या दिवसाचा मध्यबिंदूच त्यांना मान्य नाही. ही दरी खरी आहे. तरी कुराणाच्या पाचव्या अध्यायाचे नाव ‘अल-माइदा’, म्हणजे वाढलेले ताट, भोजनाचे मेज. शिष्य येशूकडे स्वर्गातून मेज मागतात आणि तो देवाला विनवितो की ते मेज आमच्या आधीच्यांना व नंतरच्यांना सण ठरो. संपूर्ण कुराणात ‘ईद’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे, आणि तो येशूच्या तोंडी. पवित्र गुरुवारच्या प्रवचनात ही गोष्ट कधी सांगितली गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सांगायला हरकत नसावी.

याच जंजिरा संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शालोम बापूजी इस्राएल हे बेने इस्राएल गृहस्थ कारभारी होते. राजा मुसलमान, कारभारी यहुदी, प्रजा बहुतांशी हिंदू. हल्ली असे काही घडले तर वर्तमानपत्रांत रकाने भरतील. तेव्हा ते कामकाज होते.

आपण या चित्रात कुठे होतो? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. चौल-रेवदंड्याचा कोट १५२१ पासून पुढे पोर्तुगीजांनी बांधला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे गेला. समोर कोर्लई गावात आपले ख्रिस्ती बांधव आजही ‘नौ लिंग’ ही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याच सत्तेने १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय उभारले आणि ते मध्ये थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालविले. त्याचा पहिला रोख हिंदूंवर नव्हता, बाप्तिस्मा घेऊन गुप्तपणे यहुदी चाली पाळणाऱ्या कुटुंबांवर होता. वसंतात बेखमीर भाकर खाणे हीदेखील संशयाची खूण. मुंबई बेट ज्यांच्याकडे पट्ट्याने होते आणि ज्यांनी हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये अमर ग्रंथ लिहिला, त्या गार्सिया द ऑर्ता यांच्या बहिणीला, कातारीनाला, १५६९ मध्ये जिवंत जाळले. खुद्द ऑर्ता १५६८ मध्येच वारले होते. तरी १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून जाळली. चौलच्या कोटाबाहेर, निजामशाही आणि मग मराठी मुलखात, तेली लोक आपली अनशी ढाकीत होते. आपले स्वयंपाकघर कोणाच्या नजरेस पडले नाही, हे त्यांचे भाग्य.

आणि हे केवळ सोळाव्या शतकाचे नाही. आमच्या लहानपणी प्रायश्चित्तकाळात ‘यहुद्यांनी प्रभूला मारले’ हे वाक्य ज्या आवाजात म्हटले जाई, तो आवाज अजून कानात आहे. आम्हा मुलांना यहुदी म्हणजे चित्रातली आकड्या नाकाची माणसे वाटत. अलिबागकडून येऊन डोक्याला टोपी घालणारा, आमच्यासारखेच मराठी बोलणारा माणूस यहुदी असतो, हे कोणी सांगितले नाही. गुड फ्रायडेच्या उपासनेत यहुद्यांसाठी प्रार्थना होती. तिच्यात त्यांच्यासाठी अविश्वासू असे कडवट विशेषण होते, आणि इतर सर्व प्रार्थनांच्या वेळी गुडघे टेकणारे भाविक त्या एका प्रार्थनेला शतकानुशतके उभेच राहत. गुडघे टेकण्याची प्रथा १९५५ च्या सुधारणेत परत आली. ते विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेने प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर, तेव्हाच्या किंवा आताच्या, सरसकट लादता येणार नाही असे जाहीर केले. १९७० च्या मिस्साग्रंथात ती प्रार्थना संपूर्ण नवी झाली: देवाचा शब्द ज्यांनी सर्वांआधी ऐकला, त्यांच्यासाठी. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि यहुद्यांना त्यांनी आपले वडील बंधू म्हटले. ज्याच्या घरातून आपण हा सण घेऊन निघालो, त्याला भाऊ म्हणायला एकोणीस शतके लागली.

आपल्या जिल्ह्याने या बाबतीत एक निराळे उदाहरण घालून दिले आहे, ते हिंदू घरातले. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. त्यांनी ‘कुराणसार’ केले तसे ‘ख्रिस्तधर्मसार’ही केले, नव्या करारातले वेचे क्रमाने लावून. विनोबा ख्रिस्ती झाले नाहीत, होण्याचा प्रश्नही त्यांना पडला नाही. परक्या धर्माचे पुस्तक वाचताना त्यांनी त्यात उणे काय हे शोधले नाही, आपल्याला काय घ्यायचे ते घेतले. अशा वाचनाला काही ख्रिस्ती विद्वान नाके मुरडतात, पुनरुत्थान वगळून नुसती नीती उचलता येत नाही असे म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण शेजाऱ्याच्या ग्रंथावर विनोबांनी घेतले तेवढे कष्ट आपल्यापैकी किती जणांनी घेतले आहेत, हे आधी मोजावे.

आता तळकरांकडे परत येऊ. स्वतंत्र भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र उभे राहिले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबे निघून गेली. आज भारतात काही हजारच उरले आहेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण येथील सिनेगॉग उभी आहेत, पण प्रार्थनेला दहा पुरुष जमणे कठीण. तिकडे इस्राएलमध्ये मराठी मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत वल्हांडणाच्या रात्री आजी-आजोबा मराठीत बोलतात आणि नातवंडे हिब्रूत उत्तर देतात. कोकणात नेमके उलटे होते: हिब्रू हरवली होती आणि मराठी उरली होती.

पुनरुत्थानाच्या रात्री आपण देवळाबाहेर नवा अग्नी पेटवतो, पास्काची मेणबत्ती त्यावर उजळतो आणि काळोख्या देवळात शिरतो. मग घोषणागीत होते, आणि त्यात इस्राएलच्या लेकरांना देवाने तांबड्या समुद्रातून कोरड्या पायांनी पार नेले ती हीच रात्र, असे गायले जाते. इस्राएलची लेकरे: हिब्रूत ‘बेने इस्राएल’. त्यानंतर जुन्या करारातील वाचने सुरू होतात. नियमाने ती सात आहेत. वेळ कमी असेल तर धर्मगुरू काही गाळू शकतात, आणि आपल्याकडे लोकांना घरी जायची घाई असतेच, तेव्हा ती बहुधा गाळली जातात. एक मात्र कधीही गाळता येत नाही. ते ‘निर्गम’च्या चौदाव्या अध्यायाचे. ते मराठीत वाचायला वाचक उभा राहील, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी याच कथेसाठी पुण्याच्या छापखान्यात खिळे जुळवून घेणाऱ्या दोन तळकरांची नावे आम्ही मनात घेणार आहोत.